न विचारता लावलेला फ्लेक्स

आमच्या घरात साबण भराभर संपायला लागला, तेव्हा माझा पहिला संशय सुनेवर गेला. सासूच्या संशयाला तेवढी एकच वाट पाठ असते. मोरीत जाऊन बघते तर अंगाच्या साबणाची नुसती चिपटी उरलेली, आणि साबणाच्या डबीत चक्क भांडी घासायची तारेची घासणी. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "काय गं, आता म्हशीबी वासाच्या साबणानं धुतीस व्हय?"

सून चंदगडकडची. मला आत्ती म्हणते, आणि माझे टोमणे भाकरी थापता थापता ऐकते, म्हणजे भाकरीही बिघडत नाही आणि तिचं डोकंही. ती म्हणाली, "आत्ती, मी न्हाय. तुमच्या नातीला इचारा. शाळेतनं आली की मोरीतच बसलेली असती."

नात तेव्हा नववीत होती. माझी एकुलती एक नात, आणि अंगापिंडानं, आवाजानं माझ्यावर गेलेली. म्हणजे दणदणीत. मी तिला हाक मारली, जवळ बसवली आणि हात हातात घेऊन बघितला. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून लाल झाली होती. नखांच्या कडांना चिरा.

"काय झालं गं हे?"

"काय न्हाय. ॲलर्जी हाय."

"कशाची?"

तिनं हात ओढून घेतला आणि परत मोरीत गेली. मला वाटलं, काहीतरी लावायला गेली असेल. मग नळाचा आवाज आला. मी जिथं धरला होता, तिथं ती पुन्हा धूत होती.

आता हे कळायचं तर आमचा धंदा सांगायला हवा. आमचं दुधाचं काम. सकाळी घरोघरी रतीब, आणि संध्याकाळी म्हशी चौकातल्या कट्ट्यावर नेऊन बांधायच्या. आमच्या कोल्हापुरात माणसं संध्याकाळी कट्ट्यावर येतात, डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून घेतात आणि फेसासकट कोमट दूध तिथंच उभ्यानं पितात. तालमीतली पोरं येतात, ऑफिसं सुटलेली माणसं येतात, नातवंडांना घेऊन म्हातारे येतात. माझा मुलगा धार काढतो, मी खुर्ची टाकून बसते आणि गिऱ्हाइकांची चौकशी करते. चौकशी म्हणजे कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, हे.

नात लहानपणापासून कट्ट्यावर बापाच्या शेजारी बसून धार काढायला शिकली. आमच्यातली एक म्हैस फार मानी आहे. तिला नातीचाच हात लागतो. दुसरं कुणी बसलं की दूध चोरते. शाळेत 'मी आले, मी गेले' म्हणणारी ही पोरगी कट्ट्यावर आली की 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. आमच्याकडच्या बायका तशाच बोलतात. परगावच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. येऊ दे.

एका संध्याकाळी तिची वर्गमैत्रीण, एकाच बाकावर बसणारी, आईबरोबर दूध प्यायला आली. तिनं फोन काढला आणि नातीचा व्हिडिओ घेतला. ओढणी कमरेला खोचून नात धार काढतेय, म्हशीनं शेपूट फिरवलं ते नेमकं तिच्या तोंडावर बसलं, आणि तिनं हसत हसत हाताच्या पाठीनं गाल पुसला, तर गालभर शेणाचा पट्टा. एवढंच. आमच्या घरात असं दिवसाकाठी होतं. मैत्रिणीनं ते गंमत म्हणून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून कुणीतरी ते उचललं आणि शाळेच्या पोरांचं एक पेज आहे, कोण चालवतं कुणाला माहीत नाही, त्याच्यावर चढवलं. त्याला गाणं लावलं, नाक धरलेली तोंडं चिकटवली आणि वर लिहिलं, 'आमच्या वर्गाचा परफ्यूम'.

हे सगळं मला मागाहून कळलं. आधी कळलं ते एवढंच, की आमची नात फोनात आली. मी फोनवाली आजी आहे. रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवून नातेवाइकांना हैराण करते. हातकणंगल्याच्या माझ्या नणंदेनं तो व्हिडिओ मला त्या पेजवरूनच पाठवला. वरचं वाचायला चष्मा कोण शोधणार? मी बघितलं तर खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची ही रांग लागलेली. मला वाटलं, लोक किती खूश झालेत. मी लाल बदाम दाबला, आणि व्हिडिओ सगळ्या भावकीला पाठवून दिला. वर लिहिलं, 'आमचं रत्न'.

जेवताना मी तिला म्हटलं, "काय गं, फेमस झालीस की. आज्जीला सांगायचं तरी."

तिनं ताटातली दह्याची वाटी बाजूला सारली आणि उठली. त्या दिवसापासून तिनं दूध, दही, ताक, तूप सगळं सोडलं. विचारलं की म्हणायची, "वास येतोय." दुधावर वाढलेल्या घरात दुधाचा वास येतो म्हणणारी पहिलीच ती. मला वाटलं, वयात आलेल्या पोरींची नाटकं. म्हणून तर साबण संपला तरी मी सुनेलाच धरलं.

हात बघितल्यावर मात्र मी सुनेला म्हटलं, "तो फोन आण आणि मला खालचं सगळं वाचून दाखव." सून दारात उभी राहून वाचायला लागली. 'हिच्या शेजारी कोण बसणार?' 'गोठ्यात ॲडमिशन घे.' 'हिला आधी धुवा, मग वर्गात घ्या.' मग तिच्या रंगावर आणि जाडीवर सुरू झालं, तेव्हा सुनेनं फोन पालथा ठेवला. मी पुढचं विचारलं नाही. त्या ढिगात माझा लाल बदामही होता, हे मात्र मला तेवढ्यात आठवलं.

वर्गात तेच चाललं होतं. ती आत आली की दोघीतिघी रुमाल नाकाला लावायच्या. मैत्रिणीनं बाक बदलला. मधल्या सुट्टीत ही डबा न उघडता बसायची. सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायला लागायचं, आणि ते नाटक नव्हतं. पोरगी खरोखर वाकून बसायची. मग दोन दिवस शाळा, चार दिवस घर, असं सुरू झालं. कट्ट्यावर तर ती फिरकेनाच. मानी म्हैस बापाला लाथा मारायला लागली. नात दिवसभर आतल्या खोलीत, खिडकी उघडी टाकून, हातात फोन.

मी म्हटलं, "बघू नको की ते. बंद कर."

"मी न बघून काय हुतंय आज्जी? मी बघितलं न्हाय तरी ते बघत्यातच की."

मी उठून खिडकी लावली. ती तिनं परत उघडली.

मुलगा शाळेत गेला. मोठ्या बाईंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, लहान मुलं आहेत, मस्करी करतात, तुम्ही तिचा फोन काढून घ्या. घरी येऊन त्यानं हे सांगितलं आणि फोन मागायला हात पुढं केला. मी त्याचा हात खाली केला. आमच्या दारात कुणी घाण टाकली तर आम्ही दार विकायचं काय? फोन काढून घ्यायचाच असेल तर ज्यांच्या हातांनी लिहिलं त्यांचा घ्या. माझ्या नातीनं तर नुसती म्हैस पिळली होती.

पण बोलणं सोपं. पोरगी डोळ्यांसमोर वाळत होती. तिला हसवावं म्हणून मी तिला माझ्या नाकाची गोष्ट सांगितली, जी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात मी अगदीच मूर्ख दिसते.

माझं लग्न ठरवायचं होतं तेव्हा मला स्टुडिओत नेऊन फोटो काढला. हातात न वाजणारा टेलिफोन दिला आणि मागं धबधबा. मी पावडर एवढी थापली होती की फोटोत आधी मी दिसते की धबधबा, हे ठरवावं लागायचं. स्वतःला मी फार देखणी समजत होते. आरशासमोरून हलायचे नाही. आईला वाटायचं आरसा पुसतेय. तर तो फोटो कोडोलीच्या एका घरात गेला. तिथल्या कुणा काकूनं फोटो बघून म्हटलं, पोरगी बरी आहे पण नाक म्हणजे भजी. फोटो परत आला, आणि त्याच्याबरोबर ती भजीही. झालं. मी तीन दिवस रडून काढले. मग कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घेतला आणि रोज दुपारी तासभर नाकाला लावून पडायला लागले. नाक धारदार व्हावं म्हणून. तोंडानं श्वास घेत, माशासारखी. एकदा शेजारीण दारातून डोकावली आणि किंचाळत पळाली. नाक काही सरळ झालं नाही, फक्त दोन्ही बाजूंना लाल खड्डे पडले, आणि पुढं ज्या माणसाशी लग्न झालं त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं की त्याला भजी फार आवडतात.

मी हे नकलेसकट सांगितलं. तोंडानं श्वास घेऊनही दाखवला. नातीनं सगळं ऐकून घेतलं. थोडी हसल्यासारखीही झाली. मग म्हणाली, "तुझा फोटो एका घरात गेलता आज्जी. त्यांनी परत तरी दिला."

मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं आमच्या पेठेच्या पाण्यात नाही.

संध्याकाळी कट्ट्यावर मुलाच्या तालमीतले दोस्त जमले. त्यांना सगळं कळलं होतं. तापलेली डोकी, आणि मी त्यांच्यात खुर्ची टाकून बसलेली. कोल्हापुरात कुणाचा वाढदिवस असो, कुणी दहावीला पास होवो, कुणाची म्हैस शर्यतीत पहिली येवो, चौकात फ्लेक्स लागतो. आनंदालाही फ्लेक्स, रागालाही फ्लेक्स. त्यातला एक म्हणाला, "आज्जी, आपल्या लेकीचा फ्लेक्स लावूया की. चौकात. सगळ्या शाळंनं बघू दे."

दुसरी कुणी आजी असती तर म्हणाली असती, थांबा रे. मी म्हणाले, "बारका नको."

फोटो मीच निवडला. कट्ट्यावरचा, म्हशीच्या गळ्यात हात टाकून ती खदखदून हसतेय तो. वर ठळक अक्षरांत 'आमच्या लेकीचा नाद करायचा न्हाय'. खाली शुभेच्छुक म्हणून तालमीतल्या पोरांचे काळे चष्मे घातलेले फोटो, आणि उजव्या कोपऱ्यात गोल चौकटीत माझा. तो मी मागितला नव्हता असं म्हटलं तर खोटं ठरेल. सकाळी फ्लेक्स उभा राहिला तेव्हा मी समोरच्या फुटपाथवरून, मग चौकाच्या त्या बाजूनं, मग आणखी मागं सरून, असा तीनदा बघितला. लढाई जिंकून आल्यासारखी घरी आले.

त्या दिवशी सून पोरीला कशीबशी तयार करून शाळेला घेऊन निघाली होती. शाळेची वाट चौकातूनच. थोड्या वेळानं दोघी परत आल्या. सून आत गेली. नात सरळ मोरीत गेली आणि नळ सोडला.

दुपारपर्यंत फ्लेक्सचे फोटो त्या पेजवर होते. आता त्यांना आयता मोठा, स्वच्छ, हसरा चेहरा मिळाला होता. कुणी तिच्या जागी म्हशीचं तोंड लावलं, कुणी म्हशीच्या जागी तिचं. गोल चौकटीतल्या मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. माझं मला काही वाटलं नाही. माझ्या नाकानं ह्याच्याहून वाईट ऐकलंय.

मी मोरीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. ती खाली बसून हात घासत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांनी मला इचारलं न्हवतं. तू तरी इचारायचंस."

मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं वाक्य म्हटलं, अगदी साध्या आवाजात, भाजी संपली म्हणून सांगावं तसं. "मी नसलेलीच बरी हाय, आज्जी. मग कुणाला वासबी येणार न्हाय आणि तुमास्नी भांडाय लागणार न्हाय."

माझ्यासारख्या बाईच्या तोंडात अशा वेळी तयार वाक्यं असतात. असं बोलू नये. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. चार लोकांचं काय मनावर घ्यायचं. ती सगळी माझ्या जिभेवर आली होती, आणि ती सगळी मी गिळली. औषधाची गोळी गिळतात तशी, पाण्याशिवाय. नळ बंद केला. ओल्या मोरीतच खाली बसले, लुगडं भिजलं तर भिजलं. म्हटलं, "मला खरं सांग. जिवाचं काय वाईटवंगाळ करायचं मनात येतंय काय?"

तिनं मान हलवली. हो म्हणून.

मी तिचा ओला हात धरला नाही. ती परत धुवेल ह्याची भीती वाटली. नुसती शेजारी बसून राहिले. मग विचारलं, "तुला काय पायजे?" आणि हा प्रश्न तिला घरात आजवर कुणी विचारलाच नव्हता, हे विचारता विचारता माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळे तिच्यासाठी भांडायला निघालो होतो, पण तिला कुठलं भांडण हवंय, हे कुणाला माहीत होतं?

"ते काढ आदी," ती म्हणाली.

सुनेला मी तिच्याजवळ बसवलं आणि क्षणभरही हलू नको म्हणून सांगितलं. वैरणीचा विळा घेतला, मुलाला शिडी घ्यायला लावली आणि भर दुपारी चौकात गेले. मुलगा म्हणाला, "आई, मी चढतो." मी म्हटलं, "लावायला मी सांगितलं, काढणार मी. तू शिडी धर." तालमीतली पोरं धावत आली.

"आज्जी, दोन दिस तरी ऱ्हाऊ दे की. आता कुठं वातावरण तापलंय."

"बाजूला सर, न्हायतर तुझ्या चष्म्यावरनंच इळा फिरवीन."

वरच्या दोऱ्या कापल्या तसा अख्खा फ्लेक्स माझ्या अंगावर आला. आत मी, वरून नातीचा हसरा चेहरा, आणि बाहेर चौक हसतोय. विळा कुठं लागला ते आत कळेना. बाहेर आले तेव्हा माझ्या गोल चौकटीतल्या तोंडाचे बरोबर दोन भाग झाले होते. कुणीतरी त्याचाही व्हिडिओ काढला असेल. काढू दे. मी शिडीवर माझ्या मर्जीनं चढले होते. फ्लेक्स आम्ही घरी आणला आणि वैरणीवर झाकला, छापलेली बाजू खाली करून.

संध्याकाळी तिनं दुसरी गोष्ट सांगितली. "मला कुणाशीतरी बोलायचं हाय. घरातल्याशी न्हाय."

हे मला झोंबलं. झोंबू दे. सुनेनं दुसऱ्याच दिवशी मनाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला आणि आम्ही तिघी गेलो. दारातून निघतानाच शेजारणीनं अडवलं. "कुठं निघालासा सगळ्या? मनाच्या डॉक्टरकडं म्हणं. येडीबिडी झाली काय पोरगी?"

"व्हय," मी म्हटलं, "चावती. जरा लांबनं जावा."

नात खाली मान घालून चालली होती. पण तिचे खांदे हलले. हसली म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरीणबाई नातीशी एकटीशी बोलल्या. मी बाहेर बाकड्यावर बसून दाराला कान लावायचा प्रयत्न केला, दार जाड निघालं. नंतर त्यांनी आम्हाला आत बोलावून, नातीला विचारून, तिच्या समोरच काय सांगायचं ते सांगितलं. ती बोलली ते खरं धरा, नाटक म्हणू नका. सध्या तिला एकटं सोडू नका, पण डोक्यावरही बसू नका. हात धुणं हा हट्ट नाही, मनाला लागलेल्या माराचं ते दुखणं आहे, आणि ते ओरडून थांबणार नाही. आणि मग माझ्याकडं वळून, "आजी, तुम्ही बोलता छान. थोडे दिवस ऐका." इतक्या वर्षांत मला हे तोंडावर सांगणारी ही दुसरीच व्यक्ती. पहिली माझी सासू होती, पण ती ओरडून सांगायची, म्हणून मी ऐकलं नव्हतं.

आम्ही जात राहिलो. एका फेरीत काही झालं नाही. मध्ये दोनदा ती पुन्हा खोलीत कोंडून बसली, एकदा तर डॉक्टरीणबाईंकडं जाणारच नाही म्हणून रिक्षातून उतरली. मी तिच्याबरोबर उतरले आणि काही न बोलता चालत राहिले. न बोलता चालल्यानं मला दम लागतो हे मला तेव्हा कळलं. हातांना मलम सुरू झालं. पाण्यात हात घालायचा नाही असं सांगितलं होतं, आणि नळाखाली जायची इच्छा झाली की ती मलमाची डबी घट्ट धरून बसायची.

सून इकडं वेगळ्याच कामाला लागली होती. भाकरी थापणारी ही बाई त्या पेजवरच्या एकेका ओळीचे फोनात फोटो काढून ठेवत होती. ते घेऊन ती नवऱ्याला बरोबर घेऊन पोलिसांकडं गेली, तक्रार दिली. तेच घेऊन शाळेत गेली, आणि मोठ्या बाईंनी चहा मागवला तर म्हणाली, "चहा नको. हे वाचा. मोठ्यानं वाचा." बाईंनी मनातच वाचलं. पण वाचलं. नंतर शाळेनं पालकांना बोलावलं. पेज बंद झालं. पुन्हा दुसऱ्या नावानं उघडलं, सुनेनं पुन्हा तक्रार केली, तेही बंद झालं. कोण चालवत होतं ते अजून कळलेलं नाही. मला कळावं असं फार वाटतं. नातीला वाटत नाही. "नाव कळलं की तू त्यांच्या दारात जाशील," ती म्हणते. जाईनच की.

ती शाळेत परत गेली, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. पहिल्या दिवशी वर्गाच्या बाईंनी प्रेमानं तिला दाराजवळच्या वेगळ्या बाकावर बसवलं, त्रास नको म्हणून. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी माझ्या बाकावर बसतो." कट्ट्यावरची भाषा वर्गात निसटली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ती बसली. आपल्या बाकावर. घरी येऊन हे तिनं मला सांगितलं ते जणू कुणा दुसऱ्याच पोरीची बातमी सांगावी तसं, आणि मग लगेच विचारलं की आज आमटी कसली आहे.

कट्ट्याचं नाव मात्र आमच्यापैकी कुणी काढत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, ती कधी जाईल ते तिचं तिला ठरवू द्या. कदाचित जाणारही नाही, तेही चालेल. मला चालत नव्हतं, पण मला विचारलं कुणी नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी खुर्चीत बसले होते, आणि ती समोरून आली. शाळेचाच ड्रेस, हातांवर मलम चकाकतंय. मानी म्हशीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि फुरफुरली. नात तिच्याजवळ गेली, पण बसली नाही, हात ओले करायचे नव्हते. नुसती म्हशीच्या पाठीवर कोपर टेकून उभी राहिली. मुलानं धार काढता काढता एकदा वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. मी जीभ दाताखाली धरली.

ती मैत्रीण आणि तिची आई कट्ट्यावर आल्या त्या तेवढ्यात. मैत्रीण नातीला बघून थबकली. हातात फोन होताच.

"तू आलीस?"

"माझा कट्टा हाय. मी येनारच."

मैत्रीण जरा वेळ पाय घासत उभी राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत न्हवतं ते पुढं आसं हुईल. खरंच न्हवतं." मैत्रिणीनं फोन वर केला. "आपल्या दोघींचा एक काढू? चांगला. मी माझ्या स्टोरीला टाकतो. सगळ्यांस्नी दिसू दे की आपण अजून मैत्रिणी हाय. काढू काय?"

त्या पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला भरून काढायचं होतं, आणि भरून काढायचा तिला तेवढा एकच मार्ग माहीत होता. मला फ्लेक्सचा माहीत होता तसा. आजूबाजूची गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून बघत होती. नात त्या फोनकडं बघत राहिली. तिचा मलमाचा हात म्हशीच्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला. 'हो म्हण' असंही मला वाटत होतं आणि 'फोन हिसकावून आपट' असंही. दोन्ही वाक्यं मी तोंडात धरून बसले होते, गाल फुगवून, एखाद्या लहान पोरासारखी.

"न्हाय," नात म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, बसलाही नव्हता. मैत्रिणीनं फोन खाली घेतला, पिशवीत टाकला. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"मग मी काय करू?"

नातीनं बापापुढं हात केला, त्यानं भरलेला ग्लास तिच्या हातात दिला, आणि तिनं तो मैत्रिणीपुढं धरला.

"दूध पी," ती म्हणाली. "गार हुतंय."